विहीर पाहून सोयरीक

मुलगी द्यायची म्हटलं की लोक घर बघतात, शेती बघतात, मुलाला काही व्यसन आहे का ते बघतात. गहिनीनाथ विहीर बघायचा. तीही पाण्यासाठी नव्हे. पाणी काय, पावसाळ्यात बैलाच्या खुरातसुद्धा साठतं, असं तो म्हणे. तो बघायचा विहिरीचा दगड. पाहुण्यांकडे पोहे खाऊन झाले की हा धोतराचा काचा मारून सरळ विहिरीत उतरायचा, आणि वर मुलाचा बाप, चुलते, मामा सगळे काठावर वाकून उभे. खालून हातोडीची ठकठक ऐकू यायची. मग हा दगडाचा टवका काढायचा, उजेडाला धरायचा, जिभेने चाटायचा आणि वर येऊन धोतर झटकत म्हणायचा, "जमायचं न्हाई."

जामखेडच्या बाजूला त्याचं गाव. तरुणपणी चार-दोन विहिरींच्या खोदाईवर गेला आणि तिथे दगडाचं जे वेड लागलं ते सुटलंच नाही. त्याने साऱ्या दगडांची वाटणी करून टाकली होती. मुरूम म्हणजे भोळा, पाणी पटकन देतो आणि पटकन संपवतो. तांबडा दगड दिसायला देखणा, पण भिजला की चिखल. मांजऱ्या सगळ्यात गुणी. त्याच्या अंगावर बारीक छिद्रं आणि पांढरे ठिपके असतात, तो पाणी पोटात धरतो आणि उन्हाळ्यात थोडंथोडं सोडतो. आणि शेवटचा काळा फत्तर. त्याच्यावर घण मारला तर घणच उलटा येतो, थेंब म्हणून देत नाही. या शास्त्राच्या जोरावर गहिनीनाथाने स्वतःची विहीर मांजऱ्यात खणली होती. शास्त्राप्रमाणे ती तुडुंब असायला हवी होती. तळाला ओल असायची एवढं खरं, आणि ती ओल तो येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने दाखवायचा.

माणसांनाही त्याने हीच वाटणी लावली होती. सरपंच मुरूम, तलाठी तांबडा. एकदा भर पंगतीत बायकोला, म्हणजे बायडाबाईला, फत्तर म्हणून बसला. त्या रात्री त्याला भाकरी मिळाली नाही आणि दुसऱ्या दिवशी कालवणही मिळालं नाही. त्यानंतर घरातल्या माणसांची जात ठरवणं त्याने बंद केलं.

देवघराशेजारच्या कोनाड्यात त्याचे निवडक दगड मांडलेले असत. मधोमध त्याच्या विहिरीच्या तळाचा मांजऱ्या, मुठीएवढा, एक कोपरा उडालेला आणि पोटात तांदळाएवढा पांढरा खडा. दिवाळीला घर सारवताना सुद्धा त्याला कुणी हात लावायचा नाही.

लोक हसायचे. पण या वेडामागे रंगुबाई होती, त्याची थोरली बहीण. तिला फत्तरावरच्या गावात दिली. विहिरीला पाणी नाही, म्हणून ओढ्यावरून डोंगर चढून हंडे आणायचे. दहा-बारा वर्षांनी माहेरी आली तेव्हा ती न्हाऊन केस वाळवत बसली असताना गहिनीनाथाला दिसलं, चुंबळ ठेवायच्या जागी तिच्या डोक्यावर केसच उरले नव्हते. ती हसून म्हणाली, "आता तेल कमी लागतं बघ." गहिनीनाथाला हसता आलं नाही. त्याच दिवशी त्याने ठरवलं, आपल्या चांगुणाला काही झालं तरी फत्तरात द्यायची नाही.

चांगुणा विशीला आली. आलेली स्थळं दगडावर आपटून परत गेली. त्यात बहात्तर सालचा दुष्काळ पडला. शेवटच्या स्थळाच्या वेळी तर कहरच झाला. गहिनीनाथ खाली उतरला, ठकठक केली आणि वर यायच्या आधी खालूनच ओरडला, "फत्तर हाय! जमायचं न्हाई!" मुलाच्या चुलत्यांनी शांतपणे दोर वर ओढून घेतला आणि ते जेवायला निघून गेले. जेवून, पान खाऊन, वामकुक्षी झाल्यावर त्यांनी दोर परत सोडला. घरी आल्यावर बायडाबाईने फर्मान काढलं, "आता तुमी कुनाच्या हिरीत उतरायचं न्हाई."

यावर तोड काढली छगनने. छगन शेळ्यांचा व्यापारी, गावोगाव हिंडायचा आणि जाता-येता सोयरिकी जमवायचा. तो म्हणाला, "मी जातो तिथं विहिरीतला दगड घिऊन येतो. तुमी घरी बसून चाटा."

दरम्यान सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, बायडाबाई आणि चांगुणासुद्धा. गहिनीनाथ तिथेही प्रत्येक दगडाची खडी वेगळी लावायचा, एका ढिगाचे चार ढीग करायचा. मुकादम कपाळाला हात लावायचा. "गहिनीबा, सरकार रस्ता करतंय, संग्रहालय न्हाई!" शेजारच्या टोळीत पाथर्डीकडचा एक पोरगा होता, त्याच्या ढिगात सगळं सरमिसळ. गहिनीनाथाने त्याला झापलं, "आरं, फत्तरात मुरूम कशाला घालतो?"

"मामा, रोलर फिरल्यावर समदं एकच हुतं," पोरगा म्हणाला आणि डब्यांची कावड उचलून निघाला. टँकर लांब उभा राहायचा. बाकीचे पुरुष बायकांना पाणी आणायला पिटाळायचे, हा मात्र स्वतःच जायचा आणि टोळीला पाजायचा. बाप्ये त्याला 'पाणक्या' म्हणून चिडवायचे. गहिनीनाथाच्या मते पोरगा बरा होता, फक्त दगडाच्या बाबतीत अगदीच अडाणी.

चैत्रात एका सकाळी छगन पिशवी घेऊन आला. "डोंगराच्या पायथ्याची वाडी हाय. पोराचं नाव गोरक्ष. घर चांगलं, मानसं चांगली." पिशवी ओसरीवर ठेवून तो पाय धुवायला मागे गेला. गहिनीनाथ शेळीला पाला टाकून, हात झटकत, परीक्षेला बसावं तसा येऊन बसला. छगनही आला. गहिनीनाथाने पिशवीत हात घातला, दगड बाहेर काढला, तोंडाजवळ नेला आणि थबकला.

चाटायची गरजच नव्हती. एक कोपरा उडालेला. पोटात तांदळाएवढा पांढरा खडा. त्याने हळूच मान वळवून कोनाड्याकडे बघितलं. मधली जागा रिकामी होती.

आतल्या दाराआड बांगड्या वाजत होत्या, त्या एकदम थांबल्या. दगड पाहून छगनचे डोळे मोठे झाले. "आं? मी तर काळा..." इतक्यात बायडाबाईने त्याच्या हातात कपबशी कोंबली. "छगनभाऊ, च्या घ्या आधी. गार हुतोय." छगनने चहा घेतला आणि तोंड मिटलं. व्यापारी माणूस, कुठे गप्प बसावं हे त्याला कळत होतं.

गहिनीनाथाला आधी राग आला. त्याच्या कोनाड्याला हात लावला, त्याच्या शास्त्राची चोरी केली, आणि मायलेकी दोघी त्यात सामील! मग रागाच्या मागून दुसरी गोष्ट ध्यानात आली. दगड बदलावा लागला, त्या अर्थी खरा दगड फत्तरच असणार. आणि फत्तर आहे हे माहीत असूनही पोरीला तिथेच जायचं होतं. रंगुबाईचं डोकं डोळ्यांपुढे आलं.

"पोरगा कामाला कुठं असतो?" त्याने विचारलं.

"तुमच्याच रस्त्याच्या कामावर. समदे त्याला पाणक्या म्हनतात बगा."

गहिनीनाथ दगड हातात फिरवत राहिला. "घरी पानी कोन आनतं?"

"त्योच की. आईचे गुडघे गेलेत. लहानपनापासनं त्याच्याच खांद्याव कावड."

आजवर गहिनीनाथाने अनेकांशी भांडण घेतलं होतं, अर्धा दिवस विहिरीत काढला होता, पण दगडाबद्दल खोटा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. त्याने तो दगड रीतसर उजेडाला धरला, जीभ लावली, डोळे मिटले.

"मांजऱ्या हाय," तो म्हणाला. "एक नंबर. असा दगड सापडत न्हाई कुठं. जमवून टाक छगन."

आत काहीतरी भांडं पडलं. दुपारी भाकरीला बसला तेव्हा त्याला दिसलं, चुलीच्या हलणाऱ्या दगडाखाली एक नवा काळाभोर टवका अटकण म्हणून खोचलेला होता. त्याने तो ओळखला आणि मुकाट्याने जेवला.

लग्न दुष्काळात व्हायचं तसंच झालं, गूळ आणि शेंगदाण्यावर. निघताना चांगुणा पाया पडली. गहिनीनाथाने सदऱ्याच्या खिशातून तो मांजऱ्या काढून तिच्या ओटीत घातला. तिने खाली बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, ह्यो तर आपला..."

"आपला कसा?" गहिनीनाथ म्हणाला. "तुझ्या सासरच्या हिरीतला हाय. छगननं आनला हुता, मी सोता चाटून बगितलाय. ने आपल्या घरी."