दोन पट्ट्यांच्या मधला स्वर

देवाने मला कान दिले ते त्याच्याच कामासाठी, अशी माझी तीस वर्षं समजूत होती. डहाणूतल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये मी ऑर्गन वाजवते. ऑर्गन म्हणायची पद्धत. वस्तू म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवलेला कीबोर्ड. त्याआधी खरी पायपेटी होती, ती उंदरांनी आणि खाऱ्या दमट हवेने मिळून संपवली. गेल्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, चालू असताना वेदीजवळ वाजणारी छोटी घंटी मला ऐकू येत नाही. पुढचे लोक गुडघे टेकत, ते बघून मी टेकत असे. आधी वाटलं, घंटी वाजवणारा आळस करतो आहे. दुसऱ्यावर संशय घ्यायला मला फार वेळ लागत नाही.

मग कोणाला न सांगता वापीला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलत. म्हणाले, "बेन, पातळ आवाज आधी जातात. जाडे राहतात. मशीन लावून घ्या." मी हो म्हणून घरी आले आणि मशीन लावलं नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईच्या कानात यंत्र दिसलं, की लोक दयेने बोलू लागतील आणि दयेनेच कोणीतरी माझी खुर्ची घेईल, याची मला भीती होती. त्या दिवसांत मी स्वस्थ अशी बसलेच नाही. कानात सारखी बारीक शिट्टी वाजत असे. कुकर झाला का बघायला उठायची, तर गॅस बंद असायचा. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, पुस्तक हातात घेतलं की बाकीचं जग बंद व्हायचं. पण आता एक पान तीनदा वाचूनही पुढे सरकत नव्हते. प्रार्थनेला बसले तरी तक्रारच निघे. ज्याने काम दिलं त्यानेच हत्यार काढून घ्यावं, हा कुठला न्याय, असं मी त्याला विचारत होते. उत्तर मिळत नव्हतं. आणि मिळालं असतं तरी ते पातळ आवाजात असेल तर मला कळणार कसं, हा विचार मनात येऊन मी स्वतःशीच हसले होते. ते हसू चांगलं नव्हतं.

नेमका त्याच काळात आमच्या मंडळाचा कार्यक्रम माझ्याकडे आला. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे आम्ही अकरा जण. नाताळाच्या आधी दोन कार्यशाळा आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र सराव, अशी आमची आखणी असते. आमचे सेक्रेटरी पास्कूभाऊ. बँकेतून निवृत्त झालेले, मनाने चांगले, पण बॅनरशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी आगामी कार्यक्रमांचं पत्रक मला दाखवायला आणलं. वर जाड अक्षरांत 'भव्य कार्यशाळा' असं होतं.

"भाऊ, अकरा माणसं आहोत आपण. भव्य कुठून आणायचं?"

"टीचर, भव्य नाही लिहिलं तर अकराचे सात होतात."

मी तरीही पेनने तो शब्द खोडला.

पहिली कार्यशाळा डहाणूत झाली. दीपप्रज्वलन झालं, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांनी संगीताचं महत्त्व सांगितलं, मग दुसऱ्या पाहुण्यांनी पहिल्यांच्या भाषणाचं महत्त्व सांगितलं. जेवणाची वेळ झाली तरी कीबोर्डवरचं कापड निघालं नव्हतं. दुपारी मी बोलायला उभी राहिले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीने काहीतरी विचारलं. मला फक्त तिचे ओठ हलताना दिसले. मी अंदाजाने सांगितलं, "ते पाहुण्यांना विचार, त्यांना सगळं माहीत असतं." सभागृह हसलं. तिरकस बोलण्याबद्दल माझी ख्याती आहे, ती अशी उपयोगी पडली. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने वही मिटली. घरी आल्यावर मला ती वहीच दिसत राहिली. आजवर मी दुसऱ्यांच्या दिखाव्याची टिंगल करत आले होते, आणि त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात मोठा दिखावा माझा होता.

दुसरी कार्यशाळा वेवजीच्या पुढच्या एका पाड्यावर होती. मी मनाशी ठरवलं, एवढी पार पाडायची आणि मग प्रकृतीचं कारण सांगून मंडळ सोडायचं, चर्चची खुर्चीही सोडायची. खरं कारण सांगायचं नाही. पास्कूभाऊंच्या ओळखीच्या ईको गाडीतून आम्ही सकाळी निघालो. आशागडच्या पुढे भात कापून झालेली शेतं दिसू लागली, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळापाशी ड्रायव्हरने चालत्या गाडीतून हात जोडले, पास्कूभाऊंनीही सवयीने जोडले आणि मग क्रूस केला. मी खिडकीबाहेर बघत राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते.

पाड्यावरचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. तिथे बॅनर लावायला भिंतीत खिळा मिळाला नाही, त्यामुळे कामाला वेळेवर सुरुवात झाली. त्या दिवसाचा मुख्य धडा माझाच होता. कीबोर्डवर सूर वर-खाली करण्याचं बटण असतं, त्याला आम्ही ट्रान्सपोज म्हणतो. हात त्याच पट्ट्यांवर ठेवायचे, बटण दाबायचं, आणि गाणं पांढरी एकमधून उचलून पांढरी चारमध्ये नेऊन ठेवता येतं. सोय मोठी, पण धोकाही तोच: आधीच्याने बदललेला आकडा तसाच राहिला, तर वाजवणाऱ्याच्या बोटांना काहीच कळत नाही, गाणाऱ्यांच्या गळ्याला कळतं. मी सगळ्यांना बजावलं, "वाजवायला बसलात की आधी पडद्यावरचा आकडा शून्य आहे का बघा. क्रूसाची खूण नंतर." आणि प्रात्यक्षिक म्हणून काळ्या-पांढऱ्या मिळून पाच घरं वर नेऊन दाखवलं.

जेवण पाड्यावरच्या बुधीबायने केलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, उडदाची डाळ, सुक्या बोंबलाची चटणी. बुधीबाय आमच्या धर्माची नाही. ती आणि तिचं घर आपले देव पुजतं. पण तिची नात मनीषा सुनेच्या माहेरच्या माणसांबरोबर चर्चमध्ये येते, गायनवृंदात गाते, म्हणून मोठ्या कार्यक्रमाला चूल बुधीबायची, असं तिथे ठरूनच गेलं आहे. भांडी घासून झाल्यावर ती नातीचं गाणं ऐकायला मिस्साला येऊन बसली, माझ्या कीबोर्डच्या पायाशी, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून.

चार वाजता मिस्सा सुरू झाली. अर्पणाच्या वेळी जे गीत होतं त्याची चाल त्याच भागातली. फार वर्षांपूर्वी तिथल्या एका फादरांनी भाताच्या लावणीत बायका गातात ती चाल घेऊन त्यावर प्रार्थनेचे शब्द बसवले होते. मी क्रूसाची खूण केली आणि सुरुवात वाजवली. आकडा बघितला नाही.

पहिली ओळ वाजवली. दुसरी वाजवली. मुलींचे बारीक आवाज मला तसेही ऐकू येत नसत. त्या गात आहेत असं धरून चालायची मला सवय झाली होती. पुरुषांचे आवाज आले नाहीत, तेव्हा वाटलं, लाजत असतील. मी नेटाने पुढे गेले. आणि मग मला एक आवाज ऐकू आला. जाडा, घोगरा, खालून येणारा. माझ्या वाजवण्याशी तो अजिबात जुळत नव्हता. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'बेसूर'. वाजवता वाजवता मी कपाळाला आठ्या घालून खाली पाहिलं. बुधीबाय डोळे मिटून गात होती. शब्द गीतातले नव्हते, तिच्या शेतातले होते. आणि चाल बिनचूक होती.

मी वर पाहिलं. सगळ्या मुलींची तोंडं बंद होती. सगळे माझ्याकडे बघत होते. पडद्यावर पाचाचा आकडा दिसत होता, दुपारी मीच ठेवलेला. इतक्या उंच सुरात कोणाला गाता येईना म्हणून सगळे एकेक करून थांबले होते, आणि मी त्या शांततेत एकटीच, भरल्या चर्चसमोर, कोणासाठीही नसलेलं गाणं वाजवत बसले होते. जे लपवण्यासाठी मी चार महिने धडपडत होते ते सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं.

मी हात उचलले. बुधीबाय थांबली नाही. बहुधा तिला वाटलं असेल, आता गायची पाळी आपलीच. तिच्या दुसऱ्या ओळीला मनीषाने आवाज दिला असावा, कारण तिचे ओठ हलू लागले. मग मागचे पुरुष आले. त्यांचे आवाज मला ऐकू आले. सगळे बुधीबायच्या सुरात गीताचे शब्द गाऊ लागले, ती आपले गात राहिली, आणि दोन्ही एकमेकांत अडखळले नाहीत.

माझे हात सवयीने पुढे गेले. मी बटण दाबून शून्य केलं आणि तिचा सूर शोधायला एक पट्टी हळूच दाबली. सूर जरासा खाली राहिला. शेजारची काळी दाबली, तर जरासा वर गेला. बुधीबायचा स्वर त्या दोन पट्ट्यांच्या मधे होता. माझ्या वाद्यात त्याला जागाच नव्हती. साथ करायची तर गाणं बिघडणार होतं. तेव्हा करण्यासारखं एकच उरलं होतं. मी हात मांडीवर ठेवले.

तीस वर्षांत मी मिस्सामध्ये कधी नुसती बसले नव्हते. पुढचं कडवं कुठलं, फादर कधी उठतील, पान कुठे उलटायचं, याच्या मागे मन धावत असे. त्या दिवशी धावायला काही राहिलं नाही. पत्र्याच्या त्या खोलीत जाडे आवाज माझ्यापर्यंत येत होते आणि पातळ आवाज येत नव्हते, पण मुलींचे चेहरे दिसत होते. कानातली शिट्टी चालूच होती. फक्त तिच्याशी माझं भांडण थांबलं होतं. मी रडले का, तर हो. चष्मा पुसायचं निमित्त केलं. काय घडलं ते मी जसं घडलं तसं सांगते आहे. वापीचे डॉक्टर म्हणतील, जाडे आवाज राहतात, त्यात नवल ते काय. तेही खरं आहे. पण त्या एका जागी, माझ्या पायाशी, मला ऐकू येईल असा तो एकच आवाज कोणी बसवला, हे डॉक्टरांना विचारण्यात अर्थ नाही.

मिस्सा संपल्यावर बुधीबाय माझ्याजवळ आली.

"काय गो बाय, मधीच थांबलीस?"

"तुझा सूर सापडेना मला."

"माझा कुठला सूर? चिखलात वाकून गायचा तर जेवढा निघतो तेवढा आवाज निघतो. तू वर वर चढत होतीस. पोरी दमल्या. मंग मी धरला."

"मला कळलंच नाही, बुधीबाय. मला ऐकू येत नाही हल्ली." हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मंग सांगायचा ना. वरडून बोललो असतो."

चार महिन्यांच्या माझ्या भीतीचं एवढंच उत्तर होतं.

परतीच्या गाडीत मी पास्कूभाऊंना सगळं सांगितलं. विवळवेढ्याला त्यांनी पुन्हा हात जोडले, क्रूस केला. मग माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे सरकून म्हणाले, "डहाणूच्या कार्यशाळेत त्या मुलीने काय विचारलं होतं माहीत आहे? नोटेशन वाचता येत नसेल तर ऑर्गन वाजवायचा हक्क आहे का, असं." त्यांनी ड्रायव्हरकडे एक नजर टाकली. "आम्ही सगळे हसलो, टीचर. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. मलाच वाचता येत नाही. कागद पुढे ठेवतो आणि पाठ असेल ते वाजवतो. कोणाला सांगू नका."

"मग तुम्ही सांगा," मी म्हटलं. "त्या मुलीला."

त्यांनी सांगितलं. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. राजीनाम्याची वाक्यं तशीच राहून गेली.

आता कानात मशीन आहे. वेदीवरची घंटी ऐकू येते, जरा पत्र्यासारखी, पण येते. मंडळाने माझी खुर्ची घेतली नाही. शेजारी मात्र एक स्टूल ठेवलं, त्यावर ती वहीवाली मुलगी बसते आणि माझं काही चुकलं तर कोपराने ढोसते. नाताळाआधीच्या एकत्र सरावाचं पत्रक छापून झालं आहे. त्यात पहिल्या तासाला वाद्य नाही, नुसतं ऐकायचं आहे. तो तास बुधीबायने घ्यावा म्हणून विचारायला गेलो, तर तिने एकच शंका काढली, "मंग जेवण कोण करील?" जेवण पास्कूभाऊ करणार आहेत. पत्रकावर त्यांनी 'भव्य' लिहिलं आहेच. या वेळी मी खोडलं नाही.

मी कान परत मागितले होते, ते मिळाले नाहीत. पण माझ्याशिवायही गाणं पुरं होतं, आणि त्या गाण्यात मला बसायला जागा असते, एवढं मला दाखवण्यात आलं, त्याबद्दल मी रोज देवाचे उपकार मानते. त्याच्या हाती सोपवणं म्हणजे काहीतरी मोठं, गंभीर काम असेल असं मला वाटायचं. आता प्रत्येक गीताआधी मी आकडा शून्य आहे ना ते बघते, क्रूस करते, हात मांडीवर ठेवते, आणि पहिला सूर लोकांना लावू देते.