माझं भाषण आणि सत्यव्वाचं पातेलं

आयुष्यात मी एकच जाहीर भाषण केलं, आणि त्या एका भाषणानं आमच्या गल्लीतलं पाळणाघर बंद पाडलं. सत्यव्वाला जाऊन आता पाच आठवडे झाले, तेव्हा ही गोष्ट सांगून टाकायला हरकत नाही. तिच्या सुनेचा फोन आला, "आजी, अत्तम्मा गेल्या... सकाळी चहा पिऊन जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." अत्तम्मा म्हणजे तेलुगूत सासूबाई. माणूस गेलं की त्याचे गुण आठवावेत म्हणतात. मला आधी माझा गाढवपणा आठवला.

तेव्हा मी तिशीची होते. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, आणि ती पदवी नाकातल्या चमकीसारखी मिरवणारी. गल्लीच्या तोंडाशी निवडणुकीची सभा होती. मुख्य वक्ते बार्शीहून यायचे होते, ते वाटेत अडकले. कुणीतरी म्हणालं, "वैनींना बोलू द्या, त्या रोज पेपर वाचतात." एवढं पुरलं. देश कसा कर्जात बुडालाय, सरकार कसं उधळतंय, हे मी हात उंचावून सांगायला लागले. "घरात ओढाताण झाली की आपण दुधाचा रतीब कमी करतो की नाही? मग सरकार का करत नाही? पाळणाघरांतनं फुकटचं दूध उकळतंय, ते कुणाच्या जिवावर?" टाळ्यांचा कडकडाट! खरं सांगते, पाळणाघर हा शब्द वाक्यात बरा बसला म्हणून आला. आणि आमचा रतीब? तो एक दिवससुद्धा कमी झाला नव्हता. मला सायीशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. उमेदवारानं माझं वाक्य उचललं, गल्लोगल्ली वाजवलं, निवडूनही आला. पुढारी आश्वासनं पाळत नाहीत, ही लोकांची तक्रार. यानं नेमकं हेच पाळलं. दिवाळीच्या आत आमच्या पाळणाघराचं अनुदान थांबलं.

ते पाळणाघर सत्यव्वा चालवायची. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू आणि दारात सोलापुरी मराठी बोलणारी, हडकुळी, खणखणीत आवाजाची बाई. विडी कारखान्यात जाणाऱ्या बायकांची तान्ही पोरं तिच्याकडे असायची. आता ती पोरं आयांच्या मांडीशी, तंबाखूच्या धुरळ्यात खोकत निजायला लागली. हे कळल्यावर मी काय केलं? रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

एके दुपारी सत्यव्वा दारात उभी. कमरेवर एक पोर, डोक्यावर दुधाचं मोठं जर्मनचं पातेलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे लपले.

"वैनी, पाय दिसायलेत तुमचे."

मी बाहेर आले.

"दुपारची तुमची पडवी रिकामीच असती की. अकरा पोरं हायत. दुधाचं मी बघते, तुमी निस्ता गॅस पेटवा."

नाही म्हणायला तोंडच नव्हतं. दोन वर्षं ती अकरा पोरं माझ्या पडवीत रांगली, मुतली, दात येताना रडली. माझी बी.ए.ची सगळी ऐट दुपट्यांबरोबर दोरीवर वाळत पडली. पोरं निजली की मी सत्यव्वाला पेपर वाचून दाखवायची. एकदा वाचलं, प्रत्येक नवजात बालकाच्या डोक्यावर अमुक इतकं कर्ज आहे. तिनं मांडीवरच्या पोरीच्या टाळूवर तेल थापलं आणि म्हणाली, "अगं बया! टाळू बी भरली न्हाय अजून, कर्ज कुटं ठिवलं म्हनायचं?"

अनुदान परत मिळावं म्हणून कचेरीत खेटे मीच घातले. साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पण बाई, देशावर कर्ज आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना?" सत्यव्वा बाहेर बाकावर बसली होती, तिनं ऐकलं नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली. सातव्या खेट्याला का आठव्याला, अनुदान सुरू झालं. भाषणाचं मात्र मी तिच्यापाशी कधी काढलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षं.

देशावर कर्ज नाही असं मी आजही म्हणत नाही. आहे, आणि त्याची काळजी करायलाच हवी. पण कात्री हातात आली की ती आधी जिथून ओरड येणार नाही तिथं चालते, एवढं मला पडवीत बसून कळलं.

ती जायच्या आठवडाभर आधी जुळे सोलापूरला तिच्या मुलाच्या फ्लॅटवर गेले होते. टीव्हीवर दोन पुढारी भांडत होते. समोरच्याच्या वाटपाला उधळपट्टी म्हणायचं आणि आपल्या वाटपाला विकास. सत्यव्वानं आवाज बंद केला. त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेलं, "सत्यव्वा, ते दूध बंद करायचं भाषण... ते मी केलं होतं गं."

ती हसायला लागली, मग खोकायला लागली. मी पाणी दिलं...

दिवसकार्य झाल्यावर सून ते पातेलं मला देऊन गेली. बुडाला पोचे, एक कान तुटलेला. घरात आता आम्ही नवरा-बायको दोघंच, अर्धा लिटर दूध त्याच्या तळाशी नुसतं लाजतं. तरी मी त्यातच तापवते. दूध वर यायला लागलं की पाणी पिऊन तिनं जे म्हटलं ते कानात येतं:

"ठाव हाय की वैनी. पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या म्या, लई झ्याक बोलला तुमी. म्हनून तर पातेलं घिऊन सरळ तुमच्याच दारात आले."