गणकयंत्राचं कपाळ

पाच आणि तीन आठ होतात हे सांगायला आमच्या यांना दहा महिने लागले. खोटं नाही सांगत. कोपरगावाजवळच्या साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, माझी डब्यांची फळी रिकामी करून, यांनी तिथे गणकयंत्र उभं केलं होतं. टेलिफोनचे भंगारात निघालेले रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडमीट करणारे छोटे चुंबकी खटके, नगरच्या जुन्या बाजारातून पिशवी भरभरून आणले. ट्रकची जुनी बॅटरी आणली, मोटारसायकलचे बल्ब आणले. बटणं दाबून दोन आकडे द्यायचे, मग आत कटकट व्हायची आणि पाचांपैकी काही बल्ब पेटायचे. प्रत्येक बल्बाखाली आकडा लिहिलेला. पेटलेल्या बल्बांचे आकडे मिळवले की उत्तर! "म्हणजे शेवटी बेरीज आपणच करायची ना?" असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढं खूळ का, ते मला लग्नानंतर कळलं आणि त्यावर मात्र मी कधी हसले नाही. अठराव्या वर्षी यांनी वस्तीवरच्या विहिरीचं ऑइल इंजन आत काय आहे ते बघायला खोललं. पुन्हा जोडलं तर दोन बोल्ट उरले आणि इंजन काही चालू होईना. कांद्याला पाणी मिळालं नाही. माझे सासरे चारचौघांत म्हणाले, "माझ्या इंजनाला पुन्ना हात लावायचा न्हाई." हे उठले आणि कारखान्यात वायरमन म्हणून लागले. मामंजी आमच्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले, गेले. क्वार्टरवर दोन वर्षांत पाऊल नाही. त्या वर्षी मात्र निरोप आला, दसऱ्याला सोनं द्यायला येतो म्हणून. हे म्हणाले, "आबांना यंत्र चालवून दाखवतो." चार दिवस ताटात काय वाढलंय याचीही यांना शुद्ध नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. पकड, पेचकस, टेस्ट लॅम्प, माझी विळी, सगळं पाटावर मांडलं. यंत्र काही पाटावर मावेना, म्हणून फळीवरच त्याची पूजा केली. यांनी नारळ फोडला, हळदकुंकू मी वाहिलं. पुजलेली अवजारं त्या दिवशी वापरायची नाहीत, त्यामुळे यंत्राला कुणी हात लावला नाही. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत ते खडखडीत चालत होतं, हे मी शपथेवर सांगते.

दसऱ्याला दुपारी मामंजी आले. जेवण झालं, पान झालं. यांनी नवा सदरा ठाकठीक केला आणि मोठा खटका खाली ओढला.

काही नाही! ना कटकट, ना उजेड.

"होतं असं कधी कधी," हे म्हणाले आणि यांच्या मानेवरून घामाची धार लागली. बॅटरीला टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला. फ्यूज काढून पाहिला, चांगला. बल्ब एकेक करून काढले, फुंकले, परत बसवले. मग रिलेंची झाकणं निघाली. घासकागदाने एकेक टोक घासून झालं. तासाभरात माझ्या घराचं भंगार दुकान झालं होतं. मामंजी सतरंजीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यांचा चेहरा मला बघवेना. पुन्हा दोन बोल्ट उरणार, या भीतीने मी सुटे स्क्रू वाटीत गोळा करू लागले.

शेवटी मामंजी म्हणाले, "परवा चालत हुतं न्हवं?"

"हो, आबा."

"मग तवापासनं कुनी हात लावला?"

हे म्हणाले, "कुणीच नाही."

माझे कान तापले. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, पण बसवेना. "मी लावला," मी म्हटलं, "पूजेला. हळदकुंकू लावलं." एवढ्या काळ्याकुट्ट पसाऱ्यात चकाकणारं पितळ तेवढं खटक्याच्या खाचेत होतं, जिथे खटक्याचं पातं येऊन टेकतं. मला तेच त्याचं कपाळ वाटलं. बोट भरून ओलं हळदकुंकू लावलं होतं आणि वर अक्षताही दाबल्या होत्या.

"अहो, मग तुम्हाला दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसलं की," हे खाली बघून म्हणाले. "पण पुजलेलं पुसायचं कसं? दसरा आहे."

घ्या! सगळं यंत्र उकललं या विज्ञानवाल्याने, कुंकू तेवढं सोडलं! हात जपून, बाजूने काम चाललं होतं इतका वेळ.

माळकरी मामंजी उठले. आधी यांना बॅटरीची वायर काढायला लावली. उपरण्याचं टोक ओलं करून खाच पुसली, नखाने तांदळाचे तीन दाणे उकरून काढले आणि पुन्हा कोरड्या टोकाने पुसलं. "सूनबाई, आमी बी इंजन पुजतो. पर कुंकू टाकीला लावतो, आत न्हाई घालत." मी पदर तोंडाला लावला.

वायर जोडून यांनी खटका ओढला. आत कट्ट वाजलं.

"नऊ नि चार करून दाव," मामंजी म्हणाले. बटणं दाबली, कटकट झाली आणि तीन बल्ब पेटले. आठ, चार, एक. मामंजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं. "बराबर हाय."

निघताना त्यांनी आपट्याची पानं यांच्या हातात ठेवली, पण हात सोडला नाही. "पोळ्यापासनं इंजन धड चालंना. लई धूर सोडतंय. उद्या ये वस्तीवर."

"बघायला?" यांनी विचारलं.

"बघून काय करतो? खोल त्येला." पायरी उतरून ते मागे वळले. "बोल्ट तेवढे मोजून ठेव."

हे तेवढ्यात आत वळून पकड आणि पेचकस पिशवीत भरायला लागले. मग मीच म्हटलं, "येतील हे, मामंजी. बोल्ट मी मोजते."