करंगळीवरचा कट

विद्याआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच खुर्चीवर बसले होते. दुपारची वेळ. समोर पडद्यावर एका लग्नाचं शूटिंग, अंतरपाट अजून धरलेला, पलीकडं नवरी खाली मान घालून उभी. गेले काही महिने फोन वाजला की मी आधी नाव बघायची. त्या दिवशी नाव दिसलं ते पल्लवीचं, आक्काच्या मुलीचं; ती दवाखान्यात आईजवळ होती. मी चित्र थांबवलं, झालेलं काम सेव्ह केलं आणि मगच फोन उचलला. अशा वेळीही हात आधी तिकडंच गेला, याचं मला नंतर नवल वाटलं. पण मला हे काम आक्कानं शिकवलं होतं, आणि काहीही होवो, आधी सेव्ह, हे तिनं बोटांत पार मुरवलं होतं. "मावशी, ये," एवढंच पल्लवी म्हणाली. 

या गोष्टीला आता दीड महिना होत आला. अनगोळमधल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघी लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचो. फोटोग्राफर लोक खानापुरापासून निपाणीपर्यंतची लग्नं आणून द्यायचे; हळद, अक्षता, वरात असं सगळं कापूनजोडून आम्ही त्याचा सिनेमा करायचो. आक्का निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातली. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि चिडली की दोन्ही एकदम. तिचे यजमान भरतेशअण्णा उद्यमबागेत एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला. मी मूळची बेळगुंदी गावची, लग्न होऊन तिच्या मागच्या गल्लीत आले आणि काम शिकायचं म्हणून तिच्या दारात उभी राहिले. "ये की, बस," म्हणाली. "मला बी बोलायला कोण तरी पायजेच." तेव्हा ती सगळं काम माउसनं करायची. कीबोर्डवर शॉर्टकट असतात हे तिला माहीत होतं, पण त्यांच्या नादाला ती लागली नव्हती. "एवढी बटनं कोण पाठ करत बसंल गं? माझा हात काय कमी चालतोय?" आणि खरंच, तिच्या हातातला माउस असा पळायचा की मी कुठं बघायचं तेच मला कळायचं नाही.

मग एका सीझनला तिचा माउस बिघडला. म्हणजे ती तसं म्हणायची. क्लिक लागत नाही, कट भलतीकडंच पडतो, ओढून आणलेला तुकडा मध्येच सुटतो. नवा आणला. तोही तसाच. एकदा ती उठल्यावर मी तिच्या जागेवर बसून तो चालवून बघितला. माउस चांगला होता. मी तो होता तिथं ठेवून दिला. पुढं थोड्या दिवसांनी खोलीच्या कुलपात किल्ली घालून ती नुसतीच उभी राहिलेली दिसली. किल्ली फिरत नव्हती. मी पुढं झाले तसं तिनं मला हातानंच अडवलं, आणि मग तोच उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये मांसाचा उंचवटा असतो ना, तिथं खोलगट झालं होतं. कातडी नुसती आत बसलेली.

"आप्पांचा हात असाच झालता," ती म्हणाली.

तिचे वडील तिच्या लग्नाआधीच वारले होते, एवढंच मला ठाऊक होतं. ते कसे वारले, हे त्या दिवशी तिनं सांगितलं. आधी सदऱ्याची बटनं लागेनात. मग भाकरीचा तुकडा मोडेना. गावात कोणी म्हणालं तंबाखूच्या वखारीतल्या कामानं झालं, कोणी म्हणालं बाहेरचं काही आहे, अंगारे-धुपारे झाले. मग जीभ जड झाली आणि शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख. "सगळं कळायचं त्यांना, शोभा. नुसतं बघत पडायचे." तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्याचंच मला भय वाटलं. डॉक्टरकडं जायच्या आधीच आपल्यापुढं काय वाढून ठेवलंय ते या बाईला दिसत होतं.

डॉक्टरांनी बरेच दिवस तपासण्या करून तेच सांगितलं. नसांचा आजार आहे, औषधानं थोडा आवरेल, बरा होणार नाही. काही घराण्यांत तो पुढच्या पिढीत उतरतो, असंही सांगितलं. हे शेवटचं वाक्य अण्णांनी मला दारात थांबून, आत पल्लवीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. मला वाटलं, आता ही खोली बंद होणार. पण दुसऱ्या दिवशी मी गेले तर आक्का टेबलाजवळ बसलेली, आणि माउस काढून खिडकीत ठेवलेला.

"आजपासनं बटनं," ती म्हणाली. "मी शिकतो. तू बी शीक."

आम्ही शिकलो. 'जे' अक्षर दाबलं की चित्र मागं, के दाबलं की थांबतं, एल दाबलं की पुढं. दोनदा एल दाबलं की पळायला लागतं. आय म्हणजे इथून धर, ओ म्हणजे इथं सोड. पहिल्या दिवसांत आमच्या नवऱ्या मागं-पुढं अशा नाचायच्या की आक्का हसून हसून डोळे पुसायची. पण ते हसणं पुरतं संपायच्या आतच ती परत बटणांवर वाकायची. कोणीतरी मागं लागल्यासारखी शिकत होती ती. एखादं बटण विसरलं तर स्वतःवरच चिडायची, तोंडानं पुटपुटत पुन्हा पुन्हा दाबायची. मी म्हणायची, "आक्का, जरा दम धर की." ती म्हणायची, "दम धरायला टाइम कुठाय?"

मग तिला कळलं की कुठलं काम कुठल्या बटणावर ठेवायचं हे आपल्याला बदलता येतं. अंगठा गेला तसा स्पेसबारचा उपयोग संपला; ती कामं तिनं दुसरीकडं हलवली. पहिलं बोट गेलं तसं 'जे'चं बटण गेलं. मागं जायचं काम डाव्या हाताला दिलं. या आजारात करंगळी बराच काळ तग धरते. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम, कट, तिनं उजव्या करंगळीखालच्या अर्धविरामाच्या बटणावर आणून ठेवलं. प्रत्येक बदल ती मलाही करायला लावायची. माझा हात धड होता, तरी मी तिच्याबरोबर एकेक बोट सोडत गेले. घरी गेल्यावर भाजी चिरताना मी माझा अंगठा दाबून बघायची. तांब्या उचलताना जड लागला की खाली ठेवून पुन्हा उचलून बघायची. ज्याला काहीच झालेलं नाही त्याची ही तऱ्हा, तर तिचं काय होत असेल... ती सकाळी खुर्चीवर बसली की पहिल्यांदा सगळी बोटं एकदा बटणांवरून फिरवायची. मी माझ्या कामात असल्याचं दाखवत कान तिकडंच ठेवायची. सगळे आवाज आले की आम्ही दोघीही श्वास सोडायचो. एखादा आला नाही तर ती मेनू उघडून ते काम दुसऱ्या बटणावर लावायची.

त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण होतं. पूर्वी अण्णांची वाट न बघता ती आटपून घ्यायची. हात चालेनासे झाल्यावर अण्णांनी कायमची पहिली पाळी मागून घेतली आणि उजेड असतानाच घरी येऊ लागले. अंगावरचा लोखंडाचा वास घासून घासून धुवायचे आणि ताट घेऊन तिच्यापुढं बसायचे. भरवताना ते तिच्याकडं बघायचे, पण ती बघायची पल्लवीच्या हाताकडं. पोरगी भाकरी कशी मोडते, पेला कसा धरते. पल्लवी एका ऑफिसात नोकरीला होती, हुशार, बोलकी. पण आईची नजर हातावर आली की ती घास मोठा मोडायची. मुद्दाम.

पुढं करंगळीही गेली. तेव्हापासून मी आक्काची बोटं झाले. ती मागं बसायची आणि अक्षरं सांगायची; बटण हललं असलं तरी नाव जुनंच. "एल... एल... के. आता आय. जाऊ दे, जाऊ दे... ओ." नवरी माहेरच्या माणसांकडं वळून बघते तो क्षण नेमका कुठं सोडायचा, हे तिला माझ्याआधी कळायचं. त्या दिवसांत आम्ही जी लग्नं केली तशी पुन्हा झाली नाहीत. आणि मग तिची जीभ जड झाली. आधी थोडी, सकाळच्या वेळी नाही, थकल्यावर. हळूहळू मला तिचं 'जे' कुठलं आणि 'के' कुठलं ते कळेना. मागं न्यायचंय की थांबायचंय? मी चुकीचं बटण दाबायची, ती मान हलवायची, मी पुन्हा चुकायची. मीच सुचवलं, "आक्का, कानडीत सांग." मग ती पुढंसाठी मुंदे आणि मागंसाठी हिंदे म्हणू लागली. दोन दिवस बरे गेले. मग तेही दोन्ही सारखेच, नुसते घशातले हुंकार झाले. एकदा तिनं तीन-चार वेळा काहीतरी म्हटलं आणि मला काही केल्या कळेना. मी वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला लिहिता येत नाही. तिच्या आप्पांचं बघत पडणं तिनं मला सांगितलं होतं. ते आता तिच्यापर्यंत आलं होतं, आणि आम्हा दोघींनाही ते एकाच वेळी कळलं.

"थांब म्हणतीया ती," दारातून पल्लवी म्हणाली. "के म्हणतीया, मावशी."

ती ऑफिसातून नुकतीच आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. आक्कानं मान हलवली, बरोबर होतं. पल्लवी माझ्या शेजारी येऊन बसली आणि आई बोलेल ते सांगू लागली. नंतर मला उठवून ती आईच्या खुर्चीत बसली आणि तिनं स्वतःच बटणं दाबली. तिला सगळी येत होती. कधी शिकली, कुणास ठाऊक. इतकी वर्षं त्याच घरात होती. पण पोरीचा हात बटणांवर, आपण लावून घेतलेल्या त्याच बटणांवर बघितला आणि आक्काच्या तोंडून असा आवाज निघाला की आतल्या खोलीतून अण्णा धावत आले. तिला पल्लवी तिथं नको होती. त्या खुर्चीत तर नकोच.

पल्लवी उठली नाही. तिनं खुर्ची फिरवली, आईपुढं दोन्ही हात पसरले, बोटं ताणून. "बघ. हाय की सगळं. दाबून बघावं तर तुला येत न्हाय, म्हणून नुसतं बघ." मग तिनं स्वतःच आपला अंगठा दुसऱ्या हातानं दाबून दाखवला, एकेक बोट वाकवून दाखवलं. आक्का बघत राहिली. अण्णा दाराची चौकट धरून उभे होते. त्यानंतर रोज कामाला बसायच्या आधी पल्लवी आईला हात दाखवायची, शाळेत नखं दाखवतात तसे. आक्का डोळे मिटून उघडायची, म्हणजे ठीक. मगच कामाला सुरुवात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजार पोरीत उतरलाय का ते रक्त तपासून कळू शकतं. मी एकदा पल्लवीला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "कळून काय करू, मावशी? आईला तरी कळून काय झालं?"  

शेवटी श्वासासाठी यंत्र आलं. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारी आमची बॅटरी काढून अण्णांनी ती त्या यंत्राला लावली. वीज गेली की इथं पडदा काळा व्हायचा, झालेलं काम उडायचं, आणि मी अंधारात बसून आतल्या खोलीतल्या यंत्राचा आवाज ऐकत राहायची. तो चालू आहे ना, एवढंच. शेवटच्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं. तिथं एकदा मी तिच्याजवळ बसले आणि तिला आवडेल म्हणून एक तयार लग्न फोनवर दाखवलं. ती चित्र बघत नव्हती. माझा हात बघत होती. मी बराच वेळ हलवला नाही तो...

परवा जुना कॉम्प्युटर बंदच पडला आणि नवा आणावा लागला. दुरुस्तीवाल्यानं सगळं नव्यानं भरून दिलं. पल्लवीनं आता ऑफिस अर्ध्या वेळाचं केलंय. दुपारी ती माझ्याबरोबर बसते. तिनं करंगळी दाबली, कट पडला नाही. पुन्हा दाबली. मग आमच्या लक्षात आलं की बटणं मूळच्यासारखी झाली होती, सगळ्या जगाची असतात तशी. दोघींनाही धड हात. ती बटणं जास्त सोपी, जास्त जवळची. मी म्हणाले, "आता आहेत तशीच राहू दे ना. दोन दिवसांत सवय होईल."

तिनं मेनू उघडला होता. एकेक काम काढून ती आईच्या बटणावर नेऊन ठेवत होती. तिला कुठंही आठवावं लागत नव्हतं.

"आईचंच ठेवू," ती पडद्याकडंच बघत म्हणाली. "पुढंमागं लागलं, तर परत शिकाय नको."

मी तिच्या हाताकडं बघितलं नाही. अर्धविरामाचं बटण राहिलं होतं. ते मी तिला दाखवलं, तिनं कट तिथं लावला, आणि आम्ही कामाला लागलो.