चपलांचा फोटो

मरीन ड्राइव्हवर नुकताच साखरपुडा झालेल्या जोडप्यानं माझ्या हातात फोन दिला. "काका, मागे समुद्र येऊ द्या हं!" मी ऐटीत खटाखट बटण दाबलं. मुलगी बघते तर काय, "अहो काका, सगळ्या फोटोंत तुम्हीच!" सेल्फीचा कॅमेरा चालू होता, अन् उन्हाच्या झळाळीत मला स्क्रीन दिसलीच नव्हती.

आमच्या साखरपुड्यानंतर इथेच एका गृहस्थांनी आमचा फोटो काढला होता. मुंडकी गायब, समुद्र गायब, नुसत्या चपला! मी चिडलो, तर ही म्हणाली, "असू दे. जवळ उभे होतो, एवढं तरी दिसतंय." आता ही नाही, तो फोटो मात्र जपून ठेवलाय.

"पुसून टाका ते," मी ओशाळून म्हटलं.

"थांबा," म्हणत मुलीनं फोटो मोठा केला. माझ्या चष्म्याच्या काचेत ती दोघं होती, अगदी खेटून, समुद्रासकट.