मेहुण्यांच्या फ्रिजमधल्या अळ्या

अळीबद्दल इतक्या आदराने बोलणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. सुरतेच्या उधना भागात आम्ही खानदेशी माणसं भेटलो की लूम, पगार, गावाकडची भाऊबंदकी असं काहीबाही बोलतो. मेहुणे मात्र खोडकिडीची ख्यालीखुशाली सांगतात. एका संशोधन संस्थेत ते उसावरच्या अळ्यांची जनुकं वाचतात. औषध फवारूनही काही अळ्या मरत का नाहीत, याचं उत्तर त्यांच्या जनुकांत लिहिलेलं असतं म्हणे, आणि मशीन ते अक्षर अक्षर वाचून काढतं. त्यांच्याबरोबर रस प्यायला जाणं म्हणजे शोभा करून घेणं. ग्लास राहतो बाजूला, आणि हे गाडीवरचा एकेक ऊस उचलून भोकं शोधतात. एकदा रसवाल्याने हातच जोडले, "साहेब, जीवडा जोवा होय तो बीजी लारीए जाओ!" किडेच बघायचे तर दुसरी गाडी गाठा, म्हणे. मुलगी पाहायला गेले तर पानातल्या पापडीच्या शेंगांच्या भाजीत अळी निघाली. यजमान ओशाळले, हे हरखले, आणि ती रुमालात बांधून घरी घेऊन आले. लग्न अर्थातच जमलं नाही.

मागच्या श्रावणात संस्थेतला फ्रीझर बिघडला, म्हणून त्यांनी अळ्यांच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवल्या. औषधाला न जुमानणाऱ्या त्या अळ्या बारडोलीकडच्या एकाच शेतात मिळाल्या होत्या, आणि तो ऊस मोडून तिथे आता केळी लागली होती. मेहुण्यांचं वर्षभराचं काम त्या बाटल्यांवर होतं. त्यातच कानबाई, आमची खानदेशची श्रावणातली देवी, आली. कानबाई बसायची म्हणजे आमच्याकडे घर कानाकोपऱ्यातून घासून निघतं. सासूबाईंनी फ्रिजही घासला. संध्याकाळी मेहुणे घरी आले तेव्हा कचऱ्याची गाडी कधीच निघून गेली होती.

"कानबाई ई ऱ्हायनी, आन् फ्रिजमा किडा? दिन्हात फेकी!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. मग मुलाचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "आते परत सापडतीन का रे भाऊ?"

मेहुण्यांनी रिकाम्या फ्रिजचं दार लावलं.

"सापडतीन ना माय. तू चाल मनासंगे."

रविवारी आम्ही तिघं बारडोलीकडच्या दुसऱ्या एका उसात गेलो. शेतात उभा जन्म काढलेल्या सासूबाई अळीने वाळवलेला पोंगा, म्हणजे उसाचा मधला कोंब, लांबूनच ओळखायच्या आणि विळ्याने ऊस चिरून अळी काढून द्यायच्या. दुपारपर्यंत सगळ्या बाटल्या भरल्या. पुढे मेहुण्यांनी मला एकट्यालाच सांगितलं, की या अळ्या साध्या, औषधाने मरणाऱ्या आहेत. गेलेलं काम गेलंच. तरीही त्यांनी त्या मशीनमध्ये घातल्या.

सासूबाई आता शेजारणींना सांगतात, "मना हातना किडा मशीनमा गयात, तवय मना पोऱ्यानं काम व्हयनं." मेहुणे शेजारी उभे राहून मान डोलावतात. असा माणूस आपल्या नात्यात आहे याचा मला फार अभिमान वाटतो, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवत नाही.