गॅरेजमधली मगर आणि चांदीचे वाळे

ती घटना मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त आठवते.

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले तेव्हा चौथी पास चालत असे. हवालदार होऊन निवृत्त झाले. माझ्याकडे बायकांचं काम असायचं. अंगझडती घेणं, कोठडीत सोबत बसणं, जबाब होईपर्यंत त्यांना सांभाळणं. साहेबांपुढे माझा शब्द फुटत नसे. ही केस मात्र ठाण्यातली नाही. मी मुलीकडे न्यूझीलंडला, न्यू लिनला राहायला गेले तेव्हाची आहे. ख्राइस्टचर्चचा भूकंप व्हायच्या बरीच वर्षं आधीची. नाव कुणाचंच लिहीत नाही.

शेजारी सांगलीकडचं कुटुंब होतं. मुलगा माउंट वेलिंग्टनला कंप्युटरच्या ऑफिसात, सूनही नोकरीला. त्यांची लहान मुलगी सांभाळायला मुलाची आई आली होती. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला हवालदारीणबाई. गळ्यात तुळशीची माळ. अंडं असेल म्हणून नातीच्या पहिल्या वाढदिवसाचा केकसुद्धा तिने चाखला नव्हता. त्या दिवशी तिने नातीच्या पायात चांदीचे वाळे घातले. त्यांना बारीक घुंगरू होते. पोर रांगायला लागली की घरभर कळायचं.

पुढे एकदा मुलीबरोबर खाटकाच्या दुकानात गेले तर समोर वहिनी उभी. काचेवर बोट ठेवून कोंबडीच्या माना मागत होती. गळ्यात माळ नव्हती. मी आडोशाला झाले. खबर म्हणावी तर एवढीच.

मग मी लक्ष ठेवायला लागले. जुलै महिना, तिकडे कडाक्याची थंडी. सकाळी अंघोळ करून पूजा करणाऱ्या त्या बाईचे केस दुपारी पुन्हा ओले असायचे. ठाण्यात एक पाहिलं होतं. माणूस केलेलं काम लपवतो, पण त्यानंतर हात धुतलेले लपवायचं त्याला सुचत नाही. त्यांच्या गॅरेजच्या खिडकीला आतून कागद लावला होता. बाकी सगळ्या घरांच्या काचा थंडगार, आणि त्या एका काचेला आतून घाम. गाडी मात्र कायम बाहेर रस्त्यावर.

एका दुपारी मी चहाला गेले. नात झोपली होती. मी माळेचं विचारलं नाही, मानांचंही नाही. कोठडीतल्या बाईला नेमका तोच प्रश्न विचारला तर ती दार लावून घेते. मी तिच्या ओल्या केसांकडे पाहून म्हटलं, "वहिनी, सर्दी होईल." आणि गप्प बसले. चहा निवला. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "माळ काढून ठेवते हो मी. तिला खायला घालून झालं की डोक्यावरून पाणी घेते, मगच परत घालते."

"कुणाला घालता?"

तिने मला बोळातल्या दाराशी नेलं. त्या दारातून दोन पायऱ्या खाली गॅरेज. दार बोटभर उघडलं तशी गरम, शेवाळलेल्या पाण्याची वाफ तोंडावर आली. लाल दिव्याखाली मुलांना डुंबायचा प्लास्टिकचा हौद होता. हौदात नुसतं पाणी होतं. वहिनीने बांगड्या वाजवल्या. कोपऱ्यातल्या खोक्यांमागून काहीतरी सरपटत आलं आणि पायरीशी येऊन थांबलं. मगर. माझ्या दोन हातांएवढी लांब. तोंड उघडून नुसती थांबली. हलली नाही, पापणीही नाही.

वहिनीने दार लावलं. मुलाचा एक मित्र ख्राइस्टचर्चला गेला, जाताना ठेवायला दिली, तेव्हा वीतभर होती, असं ती सांगू लागली. मुलगा म्हणे, ही अॅलिगेटर आहे, आपल्याकडच्या मगरीसारखी नाही, माणसाळते. आणि आईला ओळखते. बांगड्या वाजल्या की धावत येते. हे सांगताना तिचा आवाज थोडा फुललाही होता.

"तुम्ही कृष्णाकाठच्या, मगरी पाहिलेल्या," मी म्हटलं. "तुम्हाला हे पटलं?"

"मुलाचे इथल्या रहिवासाचे कागद व्हायचेत. पोलीस आले तर परत पाठवतील हो त्याला."

तेवढ्यात नात उठली. खोलीतून रांगत बोळात आली. वाळे वाजत होते. आणि भिंतीच्या पलीकडून खरडल्यासारखा आवाज सुरू झाला. आधी मला वाटलं पाइप असेल. पोर पुढे सरकली, आवाज पुढे सरकला. ती थांबली, तो थांबला. ती परत निघाली तशी पलीकडून नखं परत निघाली, तिच्याच वेगाने, दारापर्यंत. दाराशी पोर बसली आणि हसत दारावर थापट्या मारायला लागली. पलीकडे काहीतरी पायरीवर चढलं. दाराची खालची फळी आमच्या बाजूला दबली.

मी पोरीला उचललं. पहिल्यांदा वाळे काढले आणि मुठीत घट्ट धरले. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. "रोजच रांगते हो ती इथे," एवढंच म्हणाली.

वहिनीने फोन करून बोलावलं, त्यामुळे मुलगा आला तेव्हा अजून उजेड होता. मी त्याच्याशी कधी दोन वाक्यं बोलले नव्हते. त्याने आधी हसण्यावारी नेलं. "काकू, शी इज अ पेट. हीप्स ऑफ लोक, म्हणजे पुष्कळ जण ठेवतात. आईला घाबरवू नका." वहिनीने वाळे माझ्या हातातून घेतले, त्याला बोळात जमिनीवर बसवलं, आणि भिंतीच्या कडेने वाळे वाजवत हळूहळू चालत गेली. पलीकडून नखं तिच्याबरोबर गेली. परत आली. तिने एकाच जागी उभं राहून वाजवलं. पलीकडे थांबलं.

"ती मला ओळखत नाही रे," वहिनी म्हणाली. "तिला एवढंच माहीत आहे, की हे वाजलं की मांस येतं."

त्याने भिंतीला तळवा लावून पाहिला. मग म्हणाला, "आणि माझे पेपर्स?"

"माघारी गेलास तरी घरीच जाशील. पोर घेऊन जाशील."

सरकारी खात्याला फोन त्याने स्वतः केला.

दुसऱ्या दिवशी सरकारी माणसं आली. तोंडाला पट्टी बांधून मगर पेटीत घातली. मुलाची चौकशी झाली, दंड झाला, कागद रखडले, पण शेवटी झाले. अशी जनावरं घरात ठेवायला तिथे बंदीच आहे, हे त्याला आधीपासून माहीत होतं.

मगर पाळावी का, असं मला कुणी विचारलं तर मी त्या पेटीचं सांगेन. पेटी गाडीत चढवताना वहिनी दारात उभी होती. वाऱ्याने पदर उडाला, तो सावरायला तिने हात उचलला आणि बांगड्या वाजल्या. पेटी आतून अशी हादरली की ती माणसं दोन पावलं मागे सरली. खात्यात मी खूप गुन्हेगार पाहिले. त्यांच्यातल्या वाईटातल्या वाईटालाही आपल्या माणसाचा आवाज आला की त्याचा चेहरा बदलायचा.

आता ती नात मोठी झाली आहे. वाळे पुन्हा कधी घातले नाहीत. वहिनी सवाष्ण, बांगड्या उतरवायच्या नाहीत. पण नात जवळ आली की ती अजूनही एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या गच्च धरून ठेवते.